लारावेल: कंट्रोलर ते डेटाबेस ही वाट कुठे तुटली, ते शोधण्याचा क्रम

लक्षणं

खालीलपैकी एखादी गोष्ट दिसत असेल तर पुढे वाचा.

- पान उघडताच 'एसक्यूएलस्टेट'ने सुरू होणारा लांबलचक एरर, आणि त्यात 2002, 1045, 1049, 1146 किंवा 1054 यांपैकी एक आकडा.
- 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' एवढंच वाक्य.
- 'क्लास नॉट फाउंड' किंवा 'टार्गेट क्लास डज नॉट एक्झिस्ट'.
- एरर काहीच नाही, फॉर्म भरल्यावर 'जतन झाले' असा संदेशही येतो, पण टेबलमध्ये नोंद नाही. किंवा नोंद आहे, पण एखादा कॉलम रिकामा.
- तपशिलाचं पान उघडतं, डिझाइन नीट दिसतं, पण नाव, पत्ता, तारीख सगळं कोरं.
- लॅपटॉपवर छान चालतं, होस्टिंगवर चढवलं की बंद.
- मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

ही पोस्ट लारावेल (पीएचपीचा फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (किंवा मारियाडीबी) हा डेटाबेस या जोडीपुरती आहे. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीसारखी रोमनमध्येच करायची.

लोकांच्या प्रोजेक्टमध्ये हा बिघाड मी वारंवार दुरुस्त करतो, आणि बहुतेक वेळा चित्र एकच असतं. एरर आला की माणूस आधी कंट्रोलर (ब्राउझरची विनंती हाताळणारी फाइल) उघडतो आणि तिथे बदल करत सुटतो. दोष दुसरीकडेच असतो, पण तासाभराने कंट्रोलरही बिघडलेला असतो, आणि मग एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात. म्हणून कोडला हात लावण्याआधी एररमधला आकडा वाचा. विनंती कुठपर्यंत पोचली होती, ते तो आकडा सांगतो.

2002 म्हणजे डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. 1045 म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो, पण युजर किंवा पासवर्ड नाकारला गेला. 1049 म्हणजे लॉगिन झालं, पण त्या नावाचा डेटाबेस तिथे नाही. 1044 म्हणजे लॉगिन झालं, पण या युजरला त्या डेटाबेसवर अधिकार नाहीत. 1146 म्हणजे डेटाबेस सापडला, टेबल नाही. 1054 म्हणजे टेबलही सापडलं, कॉलम नाही. 1146 दिसत असताना पासवर्ड बदलत बसणं व्यर्थ आहे, कारण पासवर्ड बरोबर असल्याशिवाय तुम्ही तिथवर गेलाच नसता. एवढं लक्षात ठेवलं तरी खालच्या अर्ध्या तपासण्या तुम्हाला कराव्या लागणार नाहीत.

पानावर नुसतं '500 सर्व्हर एरर' येत असेल तर प्रोजेक्टच्या 'स्टोरेज' फोल्डरमधल्या 'लॉग्ज'मध्ये 'लारावेल.लॉग' फाइल असते, ती उघडून शेवटची नोंद बघा. त्या नोंदीची पहिली ओळ महत्त्वाची, तिच्याखालची लांब यादी नंतर वाचली तरी चालते. चालू साइटवर 'ॲप_डीबग' ट्रू करून एरर बघण्याचा मोह टाळा. त्या पानावर क्वेरी आणि फाइलींचे मार्ग उघडे पडतात, जुन्या आवृत्त्यांत तर सेटिंगमधले पासवर्डसुद्धा दिसत. ते पान तेव्हा कोण बघत असेल, याचा नेम नाही.

पहिली तपासणी: सर्व्हर चालू आहे का?

2002 आला असेल तर इथूनच सुरुवात करा. झॅम्प वापरत असाल तर कंट्रोल पॅनेलमध्ये मायएसक्यूएलसमोरची पट्टी हिरवी आहे का बघा. उबुंटूवर 'सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल' चालवा. नेहमीचा पोर्ट 3306. एकाच मशीनवर झॅम्पचा मारियाडीबी आणि वेगळा बसवलेला मायएसक्यूएल असे दोन सर्व्हर असतील तर दोघांनाही 3306 हवा असतो, मग एक चालतो आणि दुसरा उठतच नाही. कधी कुणीतरी आधीच एकाचा पोर्ट 3307 केलेला असतो. तेव्हा पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) एका सर्व्हरशी बोलतं आणि तुमचं ॲप दुसऱ्याशी. 'टेबल डोळ्यांसमोर आहे, तरी ॲपला सापडत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

दुसरी तपासणी: डॉट-ईएनव्ही फाइल

प्रोजेक्टची सेटिंग, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, युजर, पासवर्ड, याच फाइलमध्ये असतात. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. इथे दोष सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून सावकाश, ओळ न् ओळ वाचा.

फाइल प्रोजेक्टच्या मुळाशी आहे ना? विंडोजवर नोटपॅडने तिच्या नावामागे गुपचूप 'डॉट-टीएक्सटी' तर जोडलं नाही ना? एक्सप्लोररमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर हे दिसत नाही.

'डीबी_कनेक्शन' काय आहे? 2024 मध्ये आलेल्या लारावेल 11 पासून नव्या प्रोजेक्टमध्ये तिथे 'एसक्यूलाइट' असतं, आणि होस्ट, पोर्ट, डेटाबेस, युजरनेम, पासवर्ड या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असतं. जुने व्हिडिओ बघून शिकणारे त्या ओळींत माहिती नीट भरतात, पण हॅश काढत नाहीत आणि पहिली ओळही बदलत नाहीत. मग नोंदी प्रोजेक्टमधल्याच एसक्यूलाइट फाइलमध्ये बिनबोभाट जमा होत राहतात आणि पीएचपीमायॲडमिनमध्ये टेबल रिकामं दिसतं. एरर येत नाही, म्हणून शंकाही येत नाही.

पासवर्डमध्ये हॅश आहे का? असेल तर तो अवतरणचिन्हांत घाला. अवतरणाशिवाय लिहिला तर हॅशपासून पुढचा भाग शेरा समजून सोडून दिला जातो आणि सर्व्हरकडे अर्धाच पासवर्ड जातो. तुम्ही फाइलमधून पासवर्ड कॉपी करून पीएचपीमायॲडमिनमध्ये टाकता तेव्हा तो पूर्ण जातो आणि चालतो, म्हणून '1045 येतोय पण पासवर्ड तर बरोबर आहे' असं वाटत राहतं.

होस्टच्या ओळीचं थोडं सविस्तर सांगतो. लिनक्स आणि मॅकवर 'लोकलहोस्ट' लिहिलं की पीएचपी पोर्टने न जाता सॉकेट फाइलमधून जायला बघतं. ती फाइल अपेक्षित जागी नसेल तर 2002 येतो, आणि सोबत 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे शब्द असतात. वाचणारा प्रोजेक्टमधली कुठली फाइल हरवली ते शोधत बसतो. त्याऐवजी 127.0.0.1 लिहून बघा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. डॉकर किंवा लारावेल सेल वापरत असाल तर उलटं आहे. कंटेनरच्या आतून 127.0.0.1 म्हणजे तो कंटेनर स्वतःच, डेटाबेस तर शेजारच्या कंटेनरमध्ये. तिथे होस्ट म्हणून कम्पोज फाइलमधलं सर्व्हिसचं नाव द्यावं लागतं, सेलमध्ये ते 'मायएसक्यूएल' असतं. मात्र हेच नाव ठेवून तुम्ही कंटेनरबाहेरच्या टर्मिनलमधून आर्टिसन (लारावेलच्या कमांड चालवणारं साधन) चालवलंत तर ते नाव बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. कमांड 'सेल आर्टिसन' अशीच चालवा.

उबुंटूवर 'रूट' युजर वापरू नका. तिथे मायएसक्यूएलचा रूट बहुधा पासवर्डने नव्हे, तर मशीनवरच्या रूट खात्यावरून ओळखला जातो. त्यामुळे पासवर्ड काहीही द्या, 1698 येतो. ॲपसाठी वेगळा युजर बनवा आणि त्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार द्या. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच योग्य आहे.

शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनेल असेल तर डेटाबेस आणि युजर या दोन्हींच्या नावाआधी सहसा तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोअर लागतो, पूर्ण नाव लिहा. शिवाय तिथे युजर बनवणं आणि तो डेटाबेसला जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं की 1044.

तिसरी तपासणी: कन्फिग कॅश

डॉट-ईएनव्ही दुरुस्त केली, तरी तोच एरर अक्षरशः तसाच येतोय? 'पीएचपी आर्टिसन कन्फिग:क्लिअर' चालवा. कधीतरी कुणीतरी 'कन्फिग:कॅश' चालवलेलं असतं. त्यानंतर लारावेल डॉट-ईएनव्ही वाचतच नाही, 'बूटस्ट्रॅप' फोल्डरच्या आतल्या 'कॅश'मध्ये साठवलेली जुनी प्रत वापरतं. कंट्रोलरमध्ये थेट 'ईएनव्ही' फंक्शन वापरलं असेल तर कॅश केल्यावर ते नल देतं, म्हणून ते फंक्शन कन्फिग फाइलींपुरतंच ठेवावं.

इथे 'कॅश:क्लिअर' किंवा 'ऑप्टिमाइझ:क्लिअर' मुद्दाम सांगत नाही. लारावेल 11 पासून कॅश आणि सेशन दोन्ही मुळातच डेटाबेसमध्ये राहतात. डेटाबेस जोडलेला नसेल तर या कमांडही त्याच एररने कोसळतात आणि माणूस आणखी घाबरतो. सेशन डेटाबेसमध्ये असल्यामुळे असंही होतं की ज्या पानाचा मॉडेलशी (टेबलशी बोलणाऱ्या क्लासशी) काही संबंध नाही, ते साधं 'आमच्याविषयी'चं पानही 1146 देतं. एररमधलं टेबलचं नाव नीट वाचा. ते 'सेशन्स' असेल तर तुमच्या कंट्रोलरचा दोष नाही, मायग्रेशन, म्हणजे टेबलं बनवणाऱ्या फाइली, चालवायचं राहिलंय.

कोड किंवा सेटिंग बदलल्यावर क्यू वर्कर (मागे राहून कामं उरकणारी प्रक्रिया) चालू असेल तर 'क्यू:रीस्टार्ट' करा. वर्कर एकदा सुरू झाला की जुनंच कोड मेमरीत धरून बसतो.

चौथी तपासणी: कंट्रोलर बाजूला ठेवून बघा

'पीएचपी आर्टिसन मायग्रेट:स्टेटस' चालवा. ही कमांड डेटामध्ये काही बदल करत नाही, फक्त कोणती मायग्रेशन झाली आणि कोणती बाकी आहेत ते दाखवते. यादी आली तर जोडणी ठीक आहे. 'पेंडिंग' दिसलं तर 1146 चं कारण सापडलं.

मग 'पीएचपी आर्टिसन टिंकर' (कोडची एकेक ओळ थेट चालवून बघण्याची जागा) उघडा आणि आधी डीबी फसाडवरून 'कनेक्शन'चं 'गेट डेटाबेस नेम' विचारा. आलेलं नाव तुम्हाला हवं तेच आहे का, ते बघा. नंतर तुमच्या मॉडेलवर 'काउंट' चालवा. आकडा आला, तर मॉडेलपासून डेटाबेसपर्यंत सगळं शाबूत आहे आणि दोष रूटमध्ये (कोणता पत्ता कोणत्या कंट्रोलरकडे जातो ते सांगणारी ओळ, वरच्या 'रूट' युजरशी संबंध नाही) किंवा कंट्रोलरमध्ये आहे. आकडा आला नाही, तर कंट्रोलर उघडायची गरजच नाही. एका मिनिटात शोधाचं क्षेत्र निम्मं होतं, म्हणून ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे. शिकाऊ मुलांना मी आधी हेच शिकवतो.

आकडा शून्य आला, पण पीएचपीमायॲडमिनमध्ये नोंदी दिसत असतील तर मॉडेलमध्ये सॉफ्ट डिलीट आहे का बघा. 'डिलीटेड_ॲट' कॉलममध्ये तारीख असलेली नोंद टेबलमध्ये राहते, पण मॉडेल ती दाखवत नाही.

टिंकरमध्ये चालतं आणि ब्राउझरमध्ये 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' येतं, असं झालं तर पीएचपी दोन आहेत. टर्मिनलमधलं वेगळं, वेब सर्व्हरमागचं एफपीएम वेगळं. दोघांच्या 'पीएचपी.आयएनआय' फाइली वेगळ्या असतात, कधी आवृत्त्याही वेगळ्या. हव्या त्या आवृत्तीचं पीडीओ-मायएसक्यूएल एक्स्टेन्शन बसवून एफपीएम रीस्टार्ट करा. होस्टिंगवर हे पॅनेलमधल्या पीएचपीच्या पानावर एक खूण करून होतं.

पाचवी तपासणी: मॉडेल कोणतं टेबल शोधतंय?

मॉडेलच्या नावावरून लारावेल टेबलचं नाव स्वतः ठरवतं, आणि ते इंग्रजी अनेकवचनाच्या नियमाने. 'बुक'चं 'बुक्स', 'पर्सन'चं 'पीपल'. आपल्याकडे सोसायटी, पतपेढी, शाळा यांची ॲप्स लिहिताना मॉडेलची नावं सर्रास मराठी ठेवतात. 'सदस्य' नावाचं मॉडेल केलंत तर लारावेल शेवटी एस लावून 'सदस्यस' टेबल शोधणार. तुम्ही हाताने 'सदस्य' टेबल बनवलेलं असतं, आणि 1146 येतो. मॉडेलमध्ये 'टेबल' हा प्रोटेक्टेड गुणधर्म लिहून खरं नाव द्या. मराठी नावं सोडायची काहीच गरज नाही.

जुनं टेबल जोडत असाल आणि 1054 मध्ये 'अपडेटेड_ॲट'चं नाव येत असेल तर टेबलमध्ये 'क्रिएटेड_ॲट' आणि 'अपडेटेड_ॲट' हे दोन तारखांचे कॉलम नाहीत. एकतर कॉलम घाला, नाहीतर मॉडेलमध्ये 'टाइमस्टॅम्प्स' फॉल्स करा.

'लॅपटॉपवर चालतं, होस्टिंगवर नाही' यामागे फार वेळा अक्षरांचा आकार असतो. विंडोजला मोठं बी आणि छोटं बी सारखंच. लिनक्सवर फाइलींच्या नावात आणि मायएसक्यूएलच्या टेबलच्या नावातही तो फरक धरला जातो. मॉडेलचा क्लास मोठ्या अक्षराने आणि फाइल छोट्या अक्षराने असेल तर लिनक्सवर 'क्लास नॉट फाउंड' येणारच.

सहावी तपासणी: आता कंट्रोलर

'क्लास नॉट फाउंड' आणि त्यात कंट्रोलरच्याच नेमस्पेसमधलं मॉडेल दिसत असेल तर वरची 'यूज' ओळ राहिलीय. लारावेल 8 पासून मॉडेल 'ॲप' फोल्डरमधल्या 'मॉडेल्स'मध्ये असतात. जुनं कोड उतरवलं असेल तर ओळीतला मार्ग जुनाच राहतो. 'टार्गेट क्लास' वाला एररही त्याच आवृत्तीपासूनचा: रूट फाइलमध्ये कंट्रोलरचं नुसतं नाव चालत नाही, पूर्ण क्लास द्यावा लागतो.

नोंद झाली पण एक कॉलम रिकामा राहिला, तर मॉडेलमधली 'फिलेबल' यादी बघा. त्या यादीत नसलेलं नाव 'क्रिएट' मुकाट्याने गाळून टाकतं. टेबलमध्ये त्या कॉलमला रिकामं चालत नसेल तर निदान 1364 येतो आणि कळतं, चालत असेल तर महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. विकासाच्या मशीनवर मॉडेलचं 'शुड बी स्ट्रिक्ट' चालू ठेवा, मग लारावेल गप्प न बसता अडवतं.

कोऱ्या तपशिलाच्या पानाचं कारण मात्र शोधायला सगळ्यात अवघड, कारण कुठेही एरर नसतो. रूटमध्ये महिरपी कंसात 'आयडी' लिहिलंय आणि कंट्रोलरच्या फंक्शनमध्ये 'सदस्य' मॉडेलचं 'सदस्य' हे व्हेरिएबल मागितलंय. दोन्ही नावं जुळत नसल्याने लारावेल डेटाबेसमध्ये शोधतच नाही, मॉडेलची एक नवी, रिकामी प्रत हातात देतं. दाखवण्याच्या पानावर सगळं कोरं दिसतं. दुरुस्तीच्या फंक्शनमध्ये परिणाम याहून वाईट: 'अपडेट' काहीच न करता फॉल्स परत देतं, आणि 'फिल' करून 'सेव्ह' केलं असेल तर जुनी नोंद तशीच राहून एक नवी तयार होते. एकाच सदस्याच्या दोन-दोन नोंदी होऊ लागल्या की आधी हे तपासा. 'पीएचपी आर्टिसन रूट:लिस्ट' चालवून कंसातलं नाव बघा आणि व्हेरिएबलचं नाव हुबेहूब तेच ठेवा. रिसोर्स रूट वापरलात तर कंसातलं नाव लारावेल एकवचन करून बनवतं, त्यामुळे 'निवास'सारख्या शब्दाचा शेवटचा एस कापला जाऊ शकतो. अंदाज करू नका, यादीतच बघा.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, लॅटिन-1 च्या कॉलममध्ये ते मावत नाही. स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर 1366 येतो, बंद असेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह साठवलं जातं. कन्फिगमध्ये आणि टेबलमध्ये, दोन्हीकडे 'यूटीएफ8एमबी4' हवं. मायएसक्यूएल 8 पासून नवं टेबल मुळातच तसं बनतं, आधीच्या आवृत्त्यांत लॅटिन-1 असे. जुन्या सर्व्हरवर ही दुरुस्ती करताना 1071, म्हणजे इंडेक्सची 'की' फार लांब असल्याचा एरर आला, तर स्ट्रिंगची डीफॉल्ट लांबी 191 करा. मर्यादा 767 बाइटची आहे, 'यूटीएफ8एमबी4' एका चिन्हाला चार बाइट धरतं, आणि 191 चोक 764.

जी नावं प्रश्नचिन्हं होऊन साठवली गेली, ती त्या कॉलममधून परत मिळत नाहीत. मूळ अक्षरं तिथे उरलेलीच नसतात, बॅकअप किंवा कागदी अर्जच कामी येतात. प्रश्नचिन्हांऐवजी विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर मजकूर बहुधा वाचवता येतो, पण तो प्रयोग स्वतः करू नका.

कुठे थांबायचं

लोकांचा खरा डेटा असलेल्या चालू साइटवर 'मायग्रेट:फ्रेश' कधीच चालवू नका. ही कमांड सगळी टेबलं पाडून नव्याने बनवते. 1146 किंवा 1054 वर कुणी हा उपाय सुचवला तर तो स्वतःच्या मशीनपुरता समजा.

मायएसक्यूएल सुरूच होत नसेल तर 'आयबीडेटा1' नावाची फाइल काढून टाका, असा सल्ला सहज मिळतो. ती काढल्यावर सर्व्हर उठला, तरी त्याला टेबलं वाचता येत नाहीत. सर्व्हर बंद ठेवून आख्खं 'डेटा' फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि तिथे थांबून डेटाबेस हाताळणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला तुमची कॉपी लागेल. तोवर सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका.

1040, म्हणजे जोडण्यांची मर्यादा भरली, हा एरर गर्दीच्या वेळी येत असेल तर मर्यादा वाढवणं हा उपाय क्वचितच असतो. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात 151 असते, आणि संथ क्वेरी किंवा न सुटणारे वर्कर ती खातात. त्याचं मोजमाप जाणकाराने करावं. शेअर्ड होस्टिंगवर पोर्ट किंवा फायरवॉलचा प्रश्न असेल तर तो तुमच्या हातातच नाही, होस्टिंगवाल्यांकडे तिकीट टाका. तिकिटात एररची पहिली ओळ, वेळ आणि 'मायग्रेट:स्टेटस'चं उत्तर द्या. डॉट-ईएनव्हीचा स्क्रीनशॉट मात्र कुणालाही पाठवू नका, आधीच पाठवला असेल तर डेटाबेसचा पासवर्ड आजच बदला.